लहान मुलांना घेऊन पहिल्यांदा बर्फात: खान्देशातून गुलमर्गच्या स्कीइंगची तयारी

गुलमर्गला जायचं ठरलं तेव्हा मुलगी आठ वर्षांची होती आणि धाकट्याला नुकतंच सहावं लागलं होतं. अंमळनेरच्या घरात बातमी फुटली आणि सासूबाईंचा पहिला प्रश्न आला, ‘बरफमा कसाले जातस? पोरेसले थंडी वाजी जाई.’ तो प्रश्न मी पुढचे तीन महिने डोक्यात ठेवला. स्की कुठली, उतार कुठला, हॉटेल कुठलं हे सगळं नंतरचं. पोरांचे हातपाय कोरडे राहिले आणि पोट भरलेलं असलं, तर ती दिवसातून दोन तास आनंदाने घसरतात. पाय ओला झाला की पंधराव्या मिनिटाला ‘आई, घरी चल’ सुरू होतं आणि मग सगळा खर्च पाण्यात जातो. म्हणून पुढे जे लिहिते आहे, त्यात स्कीइंगच्या कसरतींपेक्षा मोजे, बूट, झोप आणि खाणं यांच्याबद्दल जास्त आहे.

आधी वय आणि तब्येत

जगातल्या बऱ्याच स्की शाळा तीन-चार वर्षांच्या मुलांनाही घेतात. पण ती मुलं बर्फ बघतच मोठी झालेली असतात. मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या आपल्या मुलांसाठी बर्फ हीच पहिली मोठी गोष्ट असते. त्यामुळे माझ्या मते पाच पूर्ण झाल्याशिवाय पायात स्की चढवू नये. त्याहून लहान मूल सोबत असेल तर त्याला बर्फात खेळू द्या, छोट्या घसरगाडीवर बसवा, आणि आईबाबांनी आळीपाळीने शिकायला जा. सहा ते दहा हे वय सगळ्यात छान. मूल सांगितलेलं ऐकतं आणि पडायला घाबरत नाही.

निघण्याच्या महिनाभर आधी बालरोगतज्ज्ञांना एकदा भेटाच. दमा असेल, वारंवार कान दुखत असेल, हृदयाचा काही त्रास असेल, तर थंडी आणि उंचीबद्दल स्पष्ट विचारा. आपल्या भागात आणखी एक गोष्ट तपासायला हवी, ती म्हणजे सिकलसेल. नंदुरबार, धुळे आणि सातपुड्याच्या पट्ट्यात हा रक्ताचा आनुवंशिक आजार आणि त्याचे वाहक बरेच आहेत. थंडी, पाण्याची कमतरता आणि विरळ हवा या तिन्ही गोष्टी सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेच्या झटक्यात ढकलू शकतात. नुसत्या वाहकालाही जास्त उंचीवर प्लीहेचा त्रास झाल्याची उदाहरणं वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. तपासणी झालेली नसेल तर करून घ्या. मूल रुग्ण असेल तर डॉक्टरांच्या होकाराशिवाय हा बेत करू नका. वाहक असेल तर किमान त्यांच्या कानावर घाला आणि गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, वरचा टप्पा सरळ वगळा.

कुठे जायचं

भारतात स्कीइंगसाठी तीन नावं नेहमी येतात. उत्तराखंडातल्या औलीचे उतार नवशिक्यांसाठी सुरेख आहेत, पण ऋषिकेशहून जोशीमठपर्यंत अडीचशे किलोमीटरचा वळणावळणाचा घाट आहे. गाडी लागणाऱ्या मुलांना तो झेपत नाही. शिवाय २०२३ च्या जानेवारीत जोशीमठला जमीन खचू लागल्यावर तिथला रोपवे बंद ठेवावा लागला. मनालीजवळच्या सोलांगला गर्दी फार असते, आणि तिथे शिकण्यापेक्षा स्की पायात घालून फोटो काढण्याचा प्रकार जास्त चालतो. मुलांना खरंच चार दिवस शिकवायचं असेल तर गुलमर्ग. श्रीनगरपासून ते पन्नासेक किलोमीटरवर आहे. तळाचे उतार अगदी सौम्य आहेत, नवशिक्यांना वर ओढून नेणाऱ्या छोट्या लिफ्ट आहेत, आणि इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनीअरिंग ही केंद्र सरकारची संस्था तिथेच असल्याने शिकवण्याची एक परंपरा गावात रुजली आहे. २०२० पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही तिथे होतात. त्या तारखा टाळलेल्या बऱ्या, कारण तेव्हा खोल्या मिळणं अवघड होतं.

जम्मू-काश्मीर म्हटल्यावर घरातले मोठे सुरक्षेचा प्रश्न काढणारच, आणि तो योग्यच आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामला हल्ला झाला, तेव्हा तिथली अनेक पर्यटनस्थळं काही काळ बंद ठेवली होती. म्हणून खोली आणि विमान दोन्ही शक्यतो पैसे परत मिळतील अशा अटीवर घ्या. निघायच्या आठवड्यात प्रशासनाच्या सूचना बघा आणि मग पक्कं करा.

केव्हा जायचं

काश्मिरी लोक थंडीचे तीन हिस्से करतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलां, म्हणजे सगळ्यात कडक थंडी. पुढचे वीस दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटचे दहा चिल्लई बच्चा. लहान मुलांसाठी चिल्लई कलां नको. नाताळच्या सुट्टीत गर्दी असते, दर चढलेले असतात आणि बर्फाचा भरवसा नसतो. २०२४ च्या जानेवारीत तर गुलमर्गचे उतार बरेच दिवस उघडे पडले होते.

आमचा अनुभव आणि हिशोब दोन्ही फेब्रुवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याकडे बोट दाखवतात. तोवर बर्फाचा थर बसलेला असतो, दिवस मोठा झालेला असतो, दिवसा पारा शून्याच्या आसपास राहतो आणि रात्री उणे पाच-दहापर्यंत उतरतो. दिल्लीचं धुकंही ओसरू लागतं. १९ फेब्रुवारीची शिवजयंतीची सुट्टी धरून मागेपुढे रजा जोडली, तर शाळा चार-पाच दिवसच बुडते आणि परीक्षा अजून लांब असते. वर्गशिक्षिकांना आधी भेटून सांगा. शेती असलेल्या घरांनाही हा काळ सोयीचा असतो. कापूस विकून झालेला असतो आणि गव्हाची कापणी अजून तोंडावर आलेली नसते.

प्रवास: मुलांना पोहोचल्यावर ताकद उरली पाहिजे

जळगाव किंवा भुसावळहून दिल्लीला जायला गाड्यांची कमी नाही. मुंबईहून निजामुद्दीनला जाणारी राजधानी नाशिक-जळगाव मार्गाने जाते. रात्री जळगावला चढायचं, मुलं झोपतात आणि सकाळी दिल्ली. पंजाब मेलही आहे, पण तिला वेळ जास्त लागतो. दिल्ली ते श्रीनगर विमान दीड तासाचं. मात्र रेल्वेतून उतरून त्याच दिवशीचं विमान घ्यायचं असेल, तर मध्ये किमान सहा-सात तास ठेवा. धुक्यात गाडी उशिरा आली आणि विमान चुकलं, तर पूर्ण कुटुंबाची नवी तिकिटं काढावी लागतात. आम्ही दिल्लीत एक रात्र थांबलो आणि ती रात्र फुकट गेली असं एकदाही वाटलं नाही.

विमान नको असेल तर झेलम एक्सप्रेसने भुसावळहून जम्मूपर्यंत जाता येतं. ६ जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आहे. जम्मूहून कटरा पन्नासेक किलोमीटर आणि तिथून तीन तासांत श्रीनगर. वाटेत चिनाब नदीवरचा ३५९ मीटर उंचीचा पूल लागतो. मुलांना तो खिडकीतून बघायला मिळतो, आणि हिवाळ्यात हमरस्त्यावरच्या दरडींची चिंता राहत नाही. पण हा सगळा प्रवास दोन-अडीच दिवसांचा आहे. सहा वर्षांखालचं मूल असेल तर मी विमानच घेईन.

श्रीनगरला पोहोचल्यावर त्याच दिवशी वर जाऊ नका. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर आहे, श्रीनगर सुमारे १,५८५ वर आणि गुलमर्ग २,६५० वर. एक रात्र श्रीनगरला काढली की शरीराला सवय व्हायला थोडा अवधी मिळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी करा. टंगमर्ग हे पायथ्याचं गाव, तिथून वर १३ किलोमीटरचा घाट. बर्फ पडत असेल तर टंगमर्गला गाडी बदलून, चाकांना साखळ्या लावलेली किंवा चारही चाकं ओढणारी गाडी घ्यावी लागते. श्रीनगरच्या टॅक्सीवाल्याशी भाडं ठरवतानाच हा दुसऱ्या गाडीचा खर्च कोणाकडे, ते बोलून घ्या. टंगमर्गला उतरताच बर्फाचे कोट आणि गमबूट भाड्याने देणारे गराडा घालतात. तुमच्याकडे कपडे असतील तर हसून ‘नको भाऊ’ म्हणा आणि पुढे निघा.

फोनचं एक लक्षात ठेवा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मिरात चालत नाही, पोस्टपेड चालतं. घरातल्या निदान एका मोठ्या माणसाचा नंबर निघण्याआधी पोस्टपेड करून घ्या.

कपडे: इथे कापूस उपयोगाचा नाही

आपण कपाशीच्या मुलखातली माणसं. उन्हाळ्यात अंगाला सुती कपड्यासारखं सुख दुसरं नाही. बर्फात मात्र तोच सुती बनियान आणि सुती मोजा घात करतो. सूत घाम पिऊन घेतं आणि लवकर वाळत नाही. मूल धावतं, घामाघूम होतं, मग रांगेत दहा मिनिटं उभं राहतं, आणि अंगाला चिकटलेला ओला सुती कपडा त्याच्या शरीरातली ऊब ओढून घेतो. म्हणून अंगाला लागणारा पहिला थर कृत्रिम धाग्याचा किंवा मेंढीच्या लोकरीचा हवा. त्यावर फ्लीसचं किंवा लोकरीचं जाकीट, आणि सगळ्यात बाहेर पाणी आणि वारा अडवणारा कोट व पँट. रावेर-यावलकडे केळीच्या घडाला थंडीत स्कर्टिंग बॅग घालतात, ती डोळ्यासमोर आणा. ऊब कापडात नसते, आत अडकलेल्या हवेत असते. म्हणूनच घट्ट बसणाऱ्या तीन स्वेटरांपेक्षा सैलसर तीन थर चांगले.

मुलांसाठी पाच बोटांचे हातमोजे घेऊ नका. चारही बोटं एकत्र राहतात आणि अंगठा तेवढा वेगळा, असे मिटन घ्या. बोटं एकमेकांना ऊब देतात आणि ते घालायलाही सोपे. प्रत्येकी दोन जोड, दोन्ही पाणी न शिरणारे. एक जोड ओला होणारच. मिटनला दोरी शिवून ती कोटाच्या बाहीतून ओवून ठेवा, म्हणजे हरवत नाहीत. गळ्याला लांब मफलर नको, तो लिफ्टमध्ये अडकू शकतो. गळपट्टी घाला. पँट खांद्याला पट्टे असलेली, पोटापर्यंत येणारी हवी. मूल पडल्यावर कमरेतून बर्फ आत जात नाही.

विकत काय आणि भाड्याने काय? थर्मल, मोजे, मिटन, गळपट्टी आणि गॉगल विकत घ्या. अंगाला लागणारं दुसऱ्याचं वापरू नये, आणि गुलमर्गला मुलांच्या मापाचं मिळेलच असं नाही. आतले लोकरी कपडे हिवाळ्यात शहरात बसणाऱ्या तिबेटी स्वेटरवाल्यांकडे स्वस्तात मिळतात. कोट-पँट कोणाकडून मागून आणता आली तर उत्तम. आम्हाला नाशिकच्या नणंदेने दिली. स्की, बूट आणि हेल्मेट मात्र तिथेच भाड्याने.

गॉगल आणि सनस्क्रीन विसरू नका. दर हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणजे ऊन वरून लागतं तसं खालूनही लागतं. हनुवटीच्या खाली, नाकपुड्यांच्या कडेला, कानांच्या मागे मलम लावा. ढगाळ दिवशीही लावा.

घरी करायची तयारी

महिनाभर आधी मुलांना रोज थोडं चढउतार चालवा. तोरणमाळला किंवा पाटणादेवीला दोन रविवार घालवले तर पाय तयार होतात आणि कोण किती लवकर दमतं ते आपल्याला कळतं. रोलर स्केट येत असतील तर फारच चांगलं. गुडघे वाकवून पुढे झुकणं आणि वेगाची भीती जाणं, दोन्ही तिथेच होतं.

आणखी एक तालीम घरातच करा. सगळे कपडे घालून बघा. संध्याकाळी पंखा लावून मुलांना थर्मलपासून कोटापर्यंत सगळं स्वतः चढवायला लावा आणि मग म्हणा, ‘आता शू लागली आहे.’ आमच्या धाकट्याला पँटचे पट्टे काढायलाच चार मिनिटं लागली. ती गाठ घरीच सुटली म्हणून बरं, उतारावर ते कळलं असतं तर रडारड झाली असती.

आणि कागदावर पाय मोजा. मुलाला भिंतीला टाच टेकवून, सगळं वजन पायावर देऊन कागदावर उभं करा. सगळ्यात लांब बोटाच्या टोकाला पेन्सिलीने खूण करा. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा. स्की-बुटांचा नंबर सेंटिमीटरमध्ये असतो, म्हणजे वीस सेंटिमीटरच्या पायाला वीस किंवा साडेवीसचा बूट. हा कागद पाकिटात ठेवा. पुढच्या भागात तो लागणार आहे.

बूट

पहिल्या दिवशी एका दुकानात आम्हाला घाई झाली. दुकानदाराने मुलीला दोन नंबर मोठा बूट दिला आणि म्हणाला, दोन जाड मोजे घाला, बरोबर बसेल. आम्ही ऐकलं. चाळीस मिनिटांनी मुलगी बर्फात बसली, बूट काढा म्हणून ओरडू लागली. बूट काढला तेव्हा बोटं पांढरी आणि बर्फासारखी गार. दोन मोज्यांनी पाय आवळला होता, रक्त खेळत नव्हतं, आणि तरी टाच आत वरखाली हलत होती. पायांवर ताबा राहत नव्हता म्हणून ती सारखी पडतही होती. बोटं कुशीत धरून, कोमट करून पूर्ववत व्हायला वीस मिनिटं लागली. चोळायची मात्र नाहीत. बर्फाने तर अजिबात नाहीत. चोळल्याने गारठलेल्या कातडीला इजा होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुसऱ्या दुकानात अर्धा तास घालवला. बूट बघायची रीत अशी. बुटाच्या आतलं मऊ अस्तर, म्हणजे लायनर, बाहेर काढायला सांगा. मुलाला पातळ मोज्यात नुसत्या कडक कवचात पाय घालू द्या आणि बोटं पुढे टेकवा. टाचेमागे तुमचं एक बोट जेमतेम जायला हवं, म्हणजे एक ते दीड सेंटिमीटर. दोन बोटं सहज जात असतील तर बूट मोठा आहे, दुसरा मागा. मग लायनर परत घालून, बकल लावून उभं करा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकेच लागतात. गुडघे पुढे वाकवले की ती मागे सरकतात आणि टाच तळाला घट्ट बसते. आता मुलाला टाच उचलायला सांगा. उचलली गेली नाही की बूट बरोबर. मोजा एकच, पातळ आणि गुडघ्यापर्यंत ओढलेला, सुरकुती नसलेला. थर्मलची पँट बुटात खोचू नका. बुटाच्या वरच ती संपली पाहिजे, नाहीतर नडगीवर वळ उठतो आणि मूल दुसऱ्या दिवशी बूट घालायलाच तयार होत नाही.

ते बूट आम्ही रोज रात्री खोलीत नेले आणि बकल उघडी ठेवून लायनर सुकवले. दुकानात ठेवलेला बूट सकाळी दगडासारखा गार मिळतो.

स्कीची लांबी नवशिक्या मुलासाठी छाती ते हनुवटीच्या दरम्यान असावी. हातातल्या काठ्या, म्हणजे पोल, पहिल्या तीन दिवसांत लहान मुलांना देऊच नका. त्या फक्त पायात येतात. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं बसायला हवं. पट्टा लावून डोकं हलवल्यावर ते जागचं हलायला नको.

बूट स्कीला पकडून ठेवणाऱ्या पकडीला बाइंडिंग म्हणतात. पडल्यावर ती सुटून बूट मोकळा झाला पाहिजे, नाहीतर स्कीच्या पिळाने पाय मोडू शकतो. म्हणून तिचा ताण मुलाच्या वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळाच्या लांबीवरून लावायचा असतो. दुकानदाराने वजन विचारलंच नाही तर तुम्ही सांगा, आणि त्याला स्क्रू फिरवताना उभं राहून बघा. आधीच्या गिऱ्हाइकाच्या मापावर ठेवलेली स्की मुलाच्या पायात घालू नका.

शिकवणारा

आईबापांनी शिकवू नये, स्की येत असली तरीही. आपण पंधराव्या मिनिटाला आवाज चढवतो आणि मूल आपल्यापुढे हट्टाला पेटतं. नोंदणी असलेला प्रशिक्षक घ्या, त्याचं ओळखपत्र बघा आणि एक प्रश्न विचारा: सगळ्यात लहान मूल कुठल्या वयाचं शिकवलंय? सहाच्या आतल्या मुलासाठी एकालाच एक माणूस. मोठी भावंडं एकत्र चालतात. दर तास, अर्धा दिवस की पूर्ण दिवस, स्की त्यात धरलेल्या आहेत की वेगळ्या, लिफ्टचे पैसे कोणाचे, हे सगळं आधीच ठरवा. अर्धा दिवस पुरे. पूर्ण दिवसाचे पैसे भरले की वसूल करायच्या नादात मुलांना ओढलं जातं.

आमचा प्रशिक्षक हिंदीत बोलायचा आणि मुलांशी मुलांसारखा खेळायचा. पहिल्या दिवशी त्याने दोन्ही पायांत स्की घालूच दिल्या नाहीत. नुसत्या बुटांनी बर्फात चालवलं, आडव्या पावलांनी उतार चढवला. मग एका पायात स्की घालून दुसऱ्या पायाने ढकलत सायकलसारखं खेळवलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही पायांत. पुढची टोकं जवळ, मागची लांब, म्हणजे पिझ्झाच्या तुकड्यासारखी स्की धरली की वेग कमी होतो आणि थांबता येतं. त्याने ‘पिझ्झा’ म्हणताच धाकटा गुडघे फाकवून थांबायचा. सरळ ठेवल्या की ‘फ्रेंच फ्राइज’, वेग वाढतो. हे दोन शब्द मुलांना घरीच सांगून ठेवा, गाद्यांवर खेळता येतं.

पडणं शिकवून घ्या, आणि उठणंही. पडलो की स्की उताराला आडव्या आणि शरीराच्या खालच्या बाजूला आणायच्या, मग हाताने ढकलून उठायचं. उताराच्या दिशेने टोकं असताना उठायला गेलं की मूल लगेच पुन्हा घसरतं. थांबता येत नाही तोवर तळाचा सपाट उतार सोडू नका. मूल तुमच्या पायांमध्ये धरून खाली येऊ नका. तुम्ही पडलात तर तुमचं सगळं वजन त्याच्यावर.

दिवस कसा घालवायचा

सकाळी लवकर बर्फ कडक आणि निसरडा असतो. मुलांना साडेदहाच्या सुमारास उतरवा, साडेबारापर्यंत स्की, मग जेवण. दुपारी बर्फाचा माणूस, घसरगाडी, झोप. आमच्या मुलांनी रोज फार तर दोन तास स्की केलं आणि चौथ्या दिवशी दोघंही तळाच्या उतारावर न पडता खाली आली. ज्यांनी पहिल्या दिवशी चार तास रेटले, त्यांची मुलं दुसऱ्या दिवशी खोलीतून बाहेर यायला तयार नव्हती, हे आम्ही शेजारच्याच खोलीत पाहिलं.

निघताना एक क्रम ठरवा आणि तो मोडू नका: आधी संडास, मग सनस्क्रीन, थर्मल, मोजे, पँट, बूट, कोट, गळपट्टी, हेल्मेट, शेवटी मिटन. आधी कपडे आणि मग संडास असं झालं की अर्धा तास गेला. दोन मुलांचे कपडे चढवायला आम्हाला पस्तीस मिनिटं लागायची.

थंडीत मुलं पाणी मागत नाहीत, पण कोरडी हवा आणि श्रम अंगातलं पाणी काढतातच. थर्मासमध्ये कोमट पाणी ठेवा आणि दर अर्ध्या तासाला चार घोट पाजा. खिशात खाऊ हवाच. दराब्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की, केळीचे वेफर्स आम्ही घरून नेले. ताजी केळी मात्र नेऊ नका. तेरा अंशांखाली केळी काळी पडते, हे केळीवाल्याला सांगायला नको. रात्री मऊ खिचडी किंवा दालभात मागा. शेवभाजी घरी परत आल्यावर.

गोंडोलात मुलांना न्यायचंच. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३,०८० मीटर. वारा जोराचा असेल तर ती बंद असते, म्हणून तिकीट अधिकृत संकेतस्थळावरून आधी काढा आणि दोन दिवस मोकळे ठेवा. दुसरा टप्पा अफरवतवर ३,९५० मीटरच्या आसपास नेतो. तिथे लहान मुलांना नेऊ नका. हवा विरळ आहे, वारा झोंबतो, आणि त्या वरच्या उतारांवर हिमस्खलनं होतात. तो भाग जाणत्या स्कीपटूंचा.

रात्री खोलीत

पहिल्या दोन रात्री मुलांकडे लक्ष ठेवा. डोकं दुखतं, असं लहान मूल सांगत नाही. ते किरकिर करतं, खात नाही, ओकतं, झोपत नाही. हे उंचीमुळे असू शकतं. त्या दिवशी स्की नाही, आराम. कमी झालं नाही किंवा मूल सुस्त पडलं, दम लागला, तर सकाळची वाट न बघता खाली श्रीनगरला उतरा आणि डॉक्टर गाठा. उतरणं हाच पहिला उपचार आहे. औषधं स्वतःच्या मनाने देऊ नका.

खोली घेताना गरम पाणी आणि हीटर किती तास चालतो ते विचारा, वीज गेली तर काय ते विचारा. बुखारी, म्हणजे खोली तापवणारी काश्मिरी शेगडी, असेल तर तिचं धुराडं नीट बसवलेलं आहे का ते बघा. बंद खोलीत जळती शेगडी, कोळशाची कांगडी (अंगाजवळ धरायचं निखाऱ्यांचं मडकं) किंवा गॅस हीटर चालू ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. काश्मिरात त्याने दर हिवाळ्यात माणसं जातात. झोपायच्या आधी खोली गरम करा, मग शेगडी-हीटर बंद करा, खिडकीची फट उघडी ठेवा आणि रजया वाढवा. लहान मुलाच्या पांघरुणात कांगडी ठेवायचीच नाही.

पैसे

सगळ्यात मोठा खर्च प्रवास आणि खोलीचा, मग प्रशिक्षक आणि भाड्याचं सामान. बचत करायची असेल तर हॉटेलचा तारा कमी करा, प्रशिक्षक कमी करू नका. खोली मुलांच्या उतारापासून चालत दहा मिनिटांवर असली तर टॅक्सी आणि चिडचिड दोन्ही वाचतात. घोडेवाले, गाडा ओढणारे सतत विचारतात. सरकारी दरपत्रक असतं, ते बघून मगच ठरवा. प्रवासविमा घेताना त्यात स्कीइंग धरलंय का, हे शब्दशः वाचून घ्या. बऱ्याच साध्या विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात.

परतीच्या दिवशी श्रीनगर विमानतळावर तीन तास आधी पोहोचा. तपासणीचे टप्पे एकापेक्षा जास्त आहेत आणि बर्फ पडला तर विमानं पुढे ढकलली जातात. म्हणून शाळा आणि कामाच्या आधी एक दिवस हातात ठेवा. जळगाव येईपर्यंत आमचे ओले मिटन पिशवीत कुबट झाले होते. ते आधी प्लॅस्टिकमधून काढून गच्चीवर उन्हात टाकले.

पायांचे कागद मी तारीख घालून कपाटात ठेवले होते. गेल्या आठवड्यात ते काढले आणि दोघांना पुन्हा भिंतीला टाच टेकवून उभं केलं. मुलीचा पाय एक सेंटिमीटरने पुढे गेलाय, धाकट्याचा त्याहून थोडा जास्त. सासूबाई जवळच बसल्या होत्या. त्यांनी धाकट्याच्या पायाखालचा कागद हाताने सपाट केला आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.